गळके पॅकिंग इंजिनाचे, दुखणे माणसाचे

नागरा येथील एका वाचकाचे पत्र आले आहे. त्यांचे मेहुणे मोठ्या तलावावर इंजिनाची होडी चालवतात. गेल्या काही दिवसांपासून सकाळी इंजिन सुरू केले की बाजूने ‘फट् फट्’ असा आवाज येतो, लोखंडी जोडापाशी काळी काजळी धरते आणि होडीच्या टपाखाली धुराचा वास भरून राहतो. दुपारपर्यंत मेहुण्यांचे डोके ठणकू लागते, जेवण नकोसे होते. मिस्त्रीने पाहून सांगितले, ‘मॅनिफोल्डचे पॅकिंग गेले आहे, पण इंजिन चालते आहे तोवर चालू द्या.’ पत्रलेखकाने शेवटी विचारले आहे, ‘डॉक्टरसाहेब, डोकेदुखीवर एखादी चांगली गोळी सुचवावी.’

मी गोळी सुचवणार नाही. या डोकेदुखीचे औषध मेडिकल स्टोअरमध्ये नाही, ते इंजिनाच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. पॅकिंग बदलणे हाच यावरचा उपचार आहे. मात्र तो उपचारही चुकीच्या रीतीने केला, तर एक धोका घालवताना दुसरा पदरात पडतो. म्हणून आजच्या सदरात रोगाबरोबर दुरुस्तीचीही माहिती देत आहे.

नागरा म्हटले की जुने शिवमंदिर आणि धानाच्या बांध्या डोळ्यांपुढे येतात, तेव्हा इथल्या वाचकाला बोटीच्या इंजिनाशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण गोंदिया आणि भंडारा हा तलावांचा मुलूख आहे. नवेगाव बांध, इटियाडोह, वैनगंगेवरील गोसीखुर्दचा जलाशय अशा मोठ्या पाण्यांवर वल्ह्याच्या डोंग्यांबरोबर इंजिनाच्या होड्याही दिसतात. शिवाय होडीच्या इंजिनाला जे लागू आहे, तेच बांधावरच्या डिझेल पंपाला, लग्नमंडपामागच्या जनरेटरला आणि ट्रॅक्टरलाही लागू आहे. म्हणून ज्यांनी कधी होडीत पाय ठेवला नाही, त्यांनीही हे पुढे वाचावे.

पॅकिंगचे काम काय?

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये इंधन जळते आणि जळालेला वायू एका भोकातून बाहेर पडतो. चार सिलिंडरचे इंजिन असेल तर अशी चार भोके असतात. हाताची बोटे जशी तळव्याला येऊन मिळतात, तसे या सर्व भोकांतून येणारा धूर एकत्र करणारे जाड ओतीव लोखंडाचे जे नळकांडे असते, त्याला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात. तिथून धूर सायलेन्सरच्या नळीने होडीबाहेर जातो. इंजिनाचे डोके आणि मॅनिफोल्ड हे दोन्ही लोखंडाचे सपाट भाग. ते कितीही घट्ट आवळले तरी त्यांच्यामध्ये बारीक फट राहतेच. ही फट बुजवण्यासाठी मध्ये एक पातळ, उष्णता सोसणारा थर बसवतात. त्यालाच गॅस्केट किंवा मिस्त्री लोकांच्या भाषेत पॅकिंग म्हणतात.

हे पॅकिंग बिचारे फार सोसते. इंजिन तापले की लोखंड फुगते, थंड झाले की आकसते. दिवसातून अनेकदा असे घडते. त्यात इंजिनाची थरथर असते, नट सैल होतात, होडीत ओलाव्याने गंज चढतो. धुराच्या नळीला नीट आधार दिलेला नसेल तर तिचे सारे वजन याच जोडावर लोंबकळते. शेवटी पॅकिंग एका ठिकाणी जळते वा फाटते आणि धुराला बाहेरच्या नळीऐवजी जवळची वाट सापडते.

याची ओळख सोपी आहे. थंड इंजिन सुरू करताना ‘टक टक’ वा ‘फट फट’ आवाज येतो आणि इंजिन तापले की तो कधी कधी कमी होतो, कारण लोखंड फुगून फट थोडी बुजते. आवाज थांबला म्हणजे दोष गेला, असे समजू नये. जोडाच्या कडेला काळ्या काजळीचा फराटा दिसला, तर गळती आहे हे पक्के.

रंग नाही, वास नाही

इंधन पुरते जळले नाही की कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. धुराला जो उग्र वास येतो तो इतर पदार्थांचा. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी मृत आढळल्याच्या बातम्या आपण वाचतो. तिथे जीव घेणारा वायू तो हाच.

हा वायू नेमके काय करतो हे फ्रान्सचे शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दाखवून दिले. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन हा पदार्थ फुप्फुसातून प्राणवायू उचलून शरीरभर पोचवतो. रेल्वेच्या मालडब्यांसारखे त्याचे काम. पण कार्बन मोनॉक्साईड या डब्यांना प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे हवेत तो अगदी थोडा असला तरी हळूहळू डबे अडवून बसतो. हवेत या वायूचे प्रमाण अवघे ०.१ टक्का असले, तरी काही तास तीच हवा घेतल्यास रक्तातील निम्म्याच्या आसपास हिमोग्लोबिन निकामी होऊ शकते आणि माणूस दगावू शकतो. छाती वरखाली होत असते, हवा आत जात असते, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोचत नाही.

पेट्रोलच्या इंजिनात हा वायू फार मोठ्या प्रमाणात निघतो. जुन्या पेट्रोल इंजिनाच्या धुरात तो कित्येक टक्के असू शकतो. डिझेल इंजिनात तुलनेने बराच कमी निघतो, पण पंप बिघडलेला, हवेची जाळी चोंदलेली किंवा इंजिनावर जास्त भार असेल तर तोही वाढतो. शिवाय डिझेलच्या धुरात अतिसूक्ष्म काजळी आणि फुप्फुसाला झोंबणारे नायट्रोजनचे वायू असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाचा धूर हा माणसात कर्करोग घडवणारा असल्याचे जाहीर केले. त्याआधी १९८८ पासून तो ‘बहुधा कर्करोगकारक’ या यादीत होता. तेव्हा ‘आमचे इंजिन डिझेलचे आहे, आम्हाला भीती नाही’ या भ्रमात कोणी राहू नये.

होडीत धोका अधिक का?

होडी उघड्या पाण्यावर, वारा चोहोबाजूंनी, मग धूर कोंडणार कसा, असा प्रश्न पडतो. परंतु इंजिन बहुतेक वेळा फळ्यांच्या खाली किंवा टपाच्या आत असते आणि चालवणारा त्याच्याच शेजारी बसतो. पावसात वा थंडीत बाजूचे पडदे सोडले की ती एक बंद खोलीच होते. दुसरे असे, की होडी पुढे धावते तेव्हा तिच्या मागे हवेची पोकळी निर्माण होते आणि बाहेर सोडलेला धूरसुद्धा मागच्या बाजूने पुन्हा आत ओढला जातो. ससून डॉक, हर्णै किंवा मिरकरवाड्याला ज्यांनी मासेमारीच्या मोठ्या बोटी पाहिल्या असतील, त्यांनी इंजिनाची खोली आणि खलाशांची झोपण्याची जागा किती जवळजवळ असते हेही पाहिले असेल.

अमेरिकेतील लेक पॉवेल या विस्तीर्ण जलाशयावर ऑगस्ट २००० मध्ये एका हाउसबोटीच्या मागील बाजूला पोहणारे दोन लहान भाऊ मरण पावले. बोटीवरच्या जनरेटरचा धूर तिथल्या पोकळीत साचला होता. पाण्यात बुडून मृत्यू झाला असे वरकरणी वाटावे, पण मूळ कारण हा वायू होता. त्यानंतर झालेल्या सरकारी तपासात त्याच जलाशयावर आधीही अशा विषबाधेच्या अनेक घटना घडल्याचे उघड झाले. तिथे पॅकिंगचा दोष नव्हता, पण उघड्या पाण्यावरही धूर माणूस मारू शकतो, एवढा धडा त्यातून घ्यावा.

पित्त नव्हे, विषबाधा

या विषबाधेची सुरुवातीची लक्षणे अगदी साधी असतात. कपाळ ठणकणे, चक्कर, मळमळ, अंग गळून जाणे, डोळ्यांपुढे अंधारी. दवाखान्यात येणारे रोगी हे सारे ‘पित्त झाले’, ‘ऊन लागले’ किंवा ‘रात्री झोप झाली नाही’ म्हणून सांगतात. ताप मात्र नसतो. पुढे गोंधळल्यासारखे होणे, छातीत दुखणे, पाय लटपटणे आणि बेशुद्धी येते. होडीवर आणखी एक धोका असतो. चक्कर येऊन माणूस पाण्यात पडला, तर वायूने मारण्याआधी पाणीच मारते.

इंजिनाजवळ काम करणारा कोणी डोकेदुखी घेऊन आला, की मी त्याला दोन प्रश्न विचारतो. सुटीच्या दिवशी डोके दुखते का? आणि सोबत काम करणाऱ्या दुसऱ्या कोणाचे दुखते का? सुटीच्या दिवशी आराम आणि कामाच्या दिवशी त्रास, किंवा होडीवरच्या दोघातिघांना एकदम त्रास, असे उत्तर आले की गोळीच्या आधी इंजिनाकडे पाहावे लागते. घरच्या मंडळींनीही हे दोन प्रश्न लक्षात ठेवावेत.

कोरोनाच्या साथीनंतर बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अनेक घरांत आले आहे. इथे एक महत्त्वाची सूचना. साधे ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साईड चिकटलेल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन समजते. त्यामुळे माणूस गुदमरत असतानाही यंत्रावर ९८ किंवा ९९ असा उत्तम आकडा दिसू शकतो. या विषबाधेत त्या आकड्यावर विसंबू नये. नेमके निदान रक्ताच्या विशेष तपासणीने होते आणि तीही लवकर करावी लागते, कारण मोकळ्या हवेत आल्यावर साधारण ४ ते ५ तासांत रक्तातील निम्मा वायू निघून जातो. त्वचा लालबुंद होते असे पुस्तकात लिहिलेले असते, पण जिवंत रोग्यात ते क्वचितच दिसते. त्याची वाट पाहू नये.

गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वृद्ध, पंडुरोगी आणि हृदयविकाराचे रोगी यांना हा वायू अधिक बाधतो. गर्भातील बाळाच्या रक्तात तो आईच्या रक्तापेक्षा जास्त साठतो आणि उशिरा निघतो. धूर गळणाऱ्या होडीत गर्भवतीला बसवूच नये.

जुन्या पॅकिंगमधला दुसरा शत्रू

आता दुरुस्तीकडे वळू. पॅकिंग बदलायचे ठरले की बहुतेक ठिकाणी काय होते? मिस्त्री मॅनिफोल्ड काढतो, चिकटून राहिलेले जुने पॅकिंग पटाशीने खरडतो, वरून तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर फिरवतो आणि उरलेली भुकटी तोंडाने वा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून देतो. काम चकचकीत होते, पण ही भुकटी घातक असू शकते.

जुन्या इंजिनांच्या पॅकिंगमध्ये, तसेच धुराच्या नळीला गुंडाळलेल्या पांढुरक्या दोरीत किंवा पट्टीत अॅस्बेस्टॉस वापरण्याची पद्धत होती. हे खनिज तंतूंच्या रूपात असते आणि आगीला दाद देत नाही, म्हणून ते निवडले जाई. त्याचे तंतू डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक होऊन श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जातात आणि तिथेच रुतून बसतात. त्यातून फुप्फुसे कठीण होण्याचा अॅस्बेस्टॉसिस हा रोग, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होतो. रोग दिसायला १० ते ४० वर्षे लागू शकतात. विशीत कॉम्प्रेसर मारणाऱ्या पोराला साठीत दम लागला, तर त्याचा संबंध कोणाच्या ध्यानात येणार? बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला यातून फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

हे किती गंभीर आहे याची साक्ष आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही दिली आहे. जानेवारी १९९५ मध्ये अॅस्बेस्टॉस कामगारांविषयीच्या खटल्यात न्यायालयाने निकाल दिला, की अशा कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे उशिरा असेल तोवर ठेवावी. रोग किती काळ दबा धरून बसतो हे त्या ४० वर्षांच्या अटीवरून समजते. कारखान्यातल्या कामगाराला ही नोंद तरी मिळते. तलावाकाठच्या मिस्त्रीची नोंद कोण ठेवणार? त्याने स्वतःच जपले पाहिजे.

पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून जुने आणि अनोळखी पॅकिंग हे अॅस्बेस्टॉसचेच आहे असे धरून चालावे.

काम कसे करावे?

होडी काठाला पक्की बांधून, टप आणि फळ्या उघडून, मोकळ्या हवेत काम करावे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. कोरडा मॅनिफोल्ड भारावर चालताना शेकडो अंशांपर्यंत तापतो आणि बंद केल्यावरही बराच वेळ भाजण्याइतका गरम राहतो. बॅटरीची तार सोडून ठेवावी, म्हणजे कोणी चुकून इंजिन फिरवणार नाही.

होडीच्या काही इंजिनांत मॅनिफोल्डभोवती थंड करणारे पाणी खेळवलेले असते. तसे असेल तर बाहेरून पाणी घेणारा कॉक आधी बंद करावा आणि आतले पाणी काढून टाकावे. हे विसरले तर मॅनिफोल्ड सुटताच पाणी सिलिंडरमध्ये शिरते आणि शंभराची दुरुस्ती हजारांवर जाते.

गंजलेल्या नटांवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल घालून ठेवावे. नट सुटत नाही म्हणून गॅसची ज्योत लावण्याचा मोह होतो, पण शेजारी इंधनाची टाकी आणि तेलकट तळ असताना होडीत ज्योत पेटवू नये. आधी धुराची नळी सोडवून तिला आधार द्यावा, मग मॅनिफोल्डचे नट दोन्ही टोकांकडून मध्याकडे थोडे थोडे सैल करावेत. मॅनिफोल्ड जड असतो. दोघांनी मिळून उतरवावा, कंबर सांभाळावी.

सिलिंडरच्या उघड्या भोकांत स्वच्छ कापडाचे बोळे बसवावेत आणि किती बसवले ते मोजून ठेवावे. आता जुने पॅकिंग काढायचे. ते आधी साबणाच्या पाण्याने चांगले भिजवावे. फवाऱ्याची बाटली असेल तर उत्तम. ओले करून, हळूहळू, हाताच्या खरवडणीने काढावे आणि अधूनमधून पुन्हा भिजवावे. सुके खरडणे, ग्राइंडर, तारेचे चाक, सँडपेपर, कॉम्प्रेसर आणि तोंडाची फुंकर, यांतले काहीही नको. निघालेले तुकडे आणि पुसलेली ओली फडकी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधावीत. ती तलावात फेकू नयेत, जाळू नयेत. स्थानिक कचरा व्यवस्थेत काय लिहून द्यायचे ते विचारून, ‘अॅस्बेस्टॉस’ असे लिहून ती वेगळी द्यावीत.

तोंडाला रुमाल वा दुपट्टा बांधणे हे समाधानापुरते आहे, हे तंतू त्यातून सहज जातात. कोरोनाच्या काळातला एन-९५ मुखवटासुद्धा अॅस्बेस्टॉससाठी पुरेसा मानला जात नाही. त्यासाठी फिल्टर बदलता येणारा पी-१०० दर्जाचा मुखवटा लागतो. म्हणूनच धूळ उडूच न देणे हा खरा उपाय. आणि हेही लक्षात असावे, की धुळीचा कोणताही मुखवटा कार्बन मोनॉक्साईडला अडवत नाही.

काम चालू असताना खर्रा, बिडी आणि चहा बाजूला ठेवावा. त्याच हाताने खर्रा तोंडात टाकणे म्हणजे काजळी आणि तंतू चघळणे होय. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, घरी आणून झटकू तर मुळीच नयेत. अॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात कधीही न गेलेल्या, फक्त नवऱ्याचे कपडे धुणाऱ्या स्त्रियांनाही हा रोग झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत.

पृष्ठभाग स्वच्छ झाला की त्यावर सरळ पोलादी पट्टी उभी धरून पाहावी. पट्टीखालून ठळक उजेड दिसला तर मॅनिफोल्ड वाकला आहे. तो यंत्रावर सपाट करून घ्यावा, नाहीतर नवे पॅकिंगही लवकरच जाईल. तडा आहे का हेही पाहावे. नवे पॅकिंग त्याच इंजिनाचे आणि अॅस्बेस्टॉसमुक्त असावे. दुकानदाराला तसे स्पष्ट विचारावे. पत्र्याच्या थरांचे किंवा ग्राफाइटचे पॅकिंग मिळते. शीट आणून कात्रीने घरगुती पॅकिंग कापणे, जुनेच पुन्हा बसवणे किंवा फटीत साधे सिलिकॉन भरणे, ही तात्पुरती मलमपट्टी आहे. साधे सिलिकॉन त्या उष्णतेत टिकत नाही.

बोळे मोजून बाहेर काढावेत. पॅकिंग योग्य बाजूने बसवून सर्व नट आधी हाताने लावावेत. मग मधल्या नटापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जात, दोन-तीन फेऱ्यांत, इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या मापाप्रमाणे टॉर्क पान्याने आवळावेत. एक टोक आधी घट्ट केले तर दुसरीकडे फट राहते. अंदाजाने पिळले तर स्टड मोडतो. धुराच्या नळीला स्वतंत्र आधार द्यावा, म्हणजे तिचा भार जोडावर पडणार नाही. डिझेलची नळी मॅनिफोल्डला टेकत नाही ना, हे पाहावे. तापलेल्या लोखंडावर डिझेल ठिबकले तर आग लागते.

शेवटी पाण्याचा कॉक उघडून, बॅटरी जोडून, मोकळ्यावर इंजिन सुरू करावे. इंजिन थंड असतानाच जोडाच्या कडेला साबणाचे पाणी लावल्यास गळती असेल तिथे बुडबुडे येतात. हात लावून फुंकर तपासू नये. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात पाणी नीट फिरते आहे ना तेही पाहावे. एकदा तापून थंड झाल्यावर, पुस्तकात तसे सांगितले असेल तर नट पुन्हा तपासावेत. बंद टपाच्या होडीत कार्बन मोनॉक्साईड ओळखून वाजणारे यंत्र बसवता आले तर अवश्य बसवावे. वास नसलेल्या शत्रूची चाहूल तेच देते.

शेतकरी बंधूंसाठी

धानाला पाणी देण्यासाठी डिझेल पंप वापरणाऱ्यांनी एक गोष्ट कधीही करू नये. पाणी खोल गेले म्हणून इंजिन विहिरीत उतरवणे. पॅकिंग नवेकोरे असले तरी विहिरीत साचलेला धूर जीव घेतो. आणि एकजण खाली कोसळला की त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच घरातली माणसे अशी एकामागून एक जातात. इंजिन विहिरीच्या काठावरच, धूर विहिरीपासून लांब जाईल असे ठेवावे. जनरेटरही खोलीत किंवा खिडकीखाली ठेवू नये.

कोणी बेशुद्ध पडल्यास

प्रथम इंजिन बंद करावे आणि टप, पडदे उघडून रोग्याला मोकळ्या हवेत आणावे. होडीत असल्यास तो पाण्यात पडणार नाही असे धरावे. विहिरीत वा बंद खोलीत वायू साचला असेल तर स्वतः आत धावू नये, अग्निशमन दलाला बोलवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि ‘इंजिनाच्या धुराची बाधा’ हे शब्द आवर्जून सांगावेत. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवावे. श्वास बंद असेल आणि ज्याला येत असेल त्याने छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी. कांदा हुंगवणे, चप्पल हुंगवणे, तोंडात पाणी ओतणे यात वेळ दवडू नये.

यावरचे औषध म्हणजे शुद्ध प्राणवायू. घट्ट बसणाऱ्या मुखवट्याने तो दिला, तर रक्तातील निम्मा वायू साधारण एक ते दीड तासात निघून जातो. गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय असो वा जवळचे ग्रामीण रुग्णालय, जिथे लवकर पोचता येईल तिथे न्यावे. शुद्धीवर आला म्हणून रोग्याला परस्पर घरी नेऊ नये. काहींना काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसराळूपणा, चिडचिड, चालण्यात अडखळणे असा त्रास सुरू होतो, म्हणून पुढची तपासणी चुकवू नये.

इंजिन गळक्या पॅकिंगवर महिनोन् महिने चालते, कारण लोखंडाला प्राणवायू कमी पडल्याचे कळत नाही. माणसाचे तसे नाही. ज्यांच्या होडीत, पंपावर किंवा जनरेटरवर काजळीचा फराटा दिसत असेल, त्यांनी पुढच्या फेरीची वाट पाहू नये. इंजिन थांबवावे, पॅकिंग भिजवून काढावे, नवे मोजून आवळावे, आणि मगच नांगर उचलावा.